गणित शिकवायचंय? मग बीएस्सीपासूनच तयारी कर

बीएस्सीला गणित घेतलंस, पुढे दोन वर्षांचं बीएड करून हायस्कुलात शिकवायचं म्हणतेस, छान. ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, जाऊन एमएस्सी करायची की नाही ते घरच्यांशी बोलून ठरव. नववी-दहावीला शिकवण्यासाठी ती लागतेच असं नाही.

पण अमूर्त बीजगणित, म्हणजे बेरीज-गुणाकाराचे नियम मुळापासून तपासणारा विषय, 'शाळेत कुठे लागतंय' म्हणून टाळू नकोस. ऋण गुणिले ऋण धन का, हे विचारणारं एखादं पोर भेटतंच. 'नियमच आहे' म्हणून त्याला गप्प करू नये. −१ ला (१ + (−१)) ने गुण, उत्तर शून्य. कंस सोडव: −१ + (−१)(−१) = ०. मग तो दुसरा भाग १ च असला पाहिजे. हे फळ्यावर न अडखळता मांडता आलं पाहिजे.

मुलांच्या चुका वहीत टिपून ठेव. १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्याला लगेच लाल फुली मारू नकोस. विचार, २/५ अर्ध्याहून कमी की जास्त? अर्ध्यात भर घातल्यावर कमी कसं झालं? पोर स्वतःच खोडतं.

आपल्याकडे बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी-कोंकणीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत. शाब्दिक उदाहरणात पुष्कळदा गणित नव्हे, वाक्य अडतं. आधी उदाहरण आपल्या भाषेत सांगायला लाव, मग समीकरण. यासाठी संध्याकाळी शेजारच्या दोन पोरांना शिकव. फुकट शिकव, हरकत नाही.