ऊन, वादळ, गारा अशा हवामानात सोलर आणि पवनचक्कीच्या विजेवर भरवसा ठेवता येतो का?

तुम्ही विचारलंय की हवामान दरवर्षी असं टोक गाठतंय तर या विजेवर किती विसंबून राहायचं. मी नागपुरात छतावर सोलर बसवायच्या कामात आहे त्यामुळे सोलरचं जास्त सांगतो, पवनचक्कीचं थोडक्यात. माझं मत विचाराल तर भरवसा ठेवा, कारण पॅनल स्वतः क्वचितच दगा देतं, दगा देतात ते नटबोल्ट, तारा आणि ग्रीड (म्हणजे वीज कंपनीच्या लाईनचं जाळं).

आधी उन्हाचं बोलू. बऱ्याच लोकांना वाटतं की नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, 46 डिग्री म्हणजे युनिट धडाधड बनणार. तसं होत नाही भाऊ, पॅनलला उजेड लागतो, उष्णता नाही. पॅनलवर जे 540 वॅट छापलेलं असतं ते सेलचं (पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचं) तापमान 25 डिग्री धरून असतं आणि 25 च्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण 0.3 ते 0.4 टक्के पॉवर कमी होते. मे महिन्यात दुपारी स्लॅबवरचं पॅनल 65-70 डिग्रीला सहज जातं, म्हणजे 12 ते 18 टक्के तिथेच गेले. पण कमी होणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं. 23 मे 2013 ला आपल्याकडे पारा 47.9 वर गेला होता, तसल्या दिवशीही पॅनल चालतं कारण ते 85 डिग्रीपर्यंत चालेल असंच बनवलेलं असतं. नाजूक असतो तो इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारा डबा. तो फार तापला की स्वतःला वाचवायला आउटपुट कमी करतो, आणि लोक नेमका तो गच्चीवर पश्चिमेच्या भिंतीला उघड्यावर ठोकतात. जिन्याखाली, सावलीत, हवा खेळेल असा लावा, एवढ्यानेही फरक पडतो.

आता वादळ, कारण खरं नुकसान मी इथेच पाहिलंय. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी अचानक आभाळ भरून येतं, धुळीचं वादळ, मग पाऊस, हे आपल्याला नवीन नाही. वाऱ्याच्या भारासाठी जो आयएस 875 कोड आहे त्यात नागपूरसाठी मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद धरलाय, म्हणजे ताशी जवळपास 158 किमी, आणि पॅनलचा सांगाडा एवढा वारा धरूनच बांधायला हवा. आता पूर्व नागपुरातल्या एका घरी काय झालं होतं ते सांगतो, काम दुसऱ्या कोणाचं होतं, नाव घेत नाही. अख्खं स्ट्रक्चर (पॅनल ज्यावर बसतात तो सांगाडा) पायांसकट उलटून शेजारच्या गच्चीवर पडलेलं, आणि पायांना सिमेंटचे ठोकळे तसेच चिकटलेले होते. म्हणजे ठोकळे स्लॅबवर नुसते ठेवलेले, स्लॅबच्या आत रुतवायचे अँकर बोल्ट नाहीच. वारा पॅनलला खालून उचलतो आणि जेवढी उंची वाढवाल (लोकांना खाली बसायला जागा हवी असते म्हणून आठ-दहा फूट वर घेतात) तेवढा पायावरचा ताण वाढतो. बसवताना विचारा की अँकर किती खोल गेलाय, वॉटरप्रूफिंग नंतर केलं का, आणि पॅनल धरून ठेवणारे क्लॅम्प उन्हाळा लागायच्या आधी एकदा पाना घेऊन तपासून घ्या, बोटाने फिरणारे बोल्ट मला कितीतरी गच्च्यांवर सापडतात. हे मोठ्या प्रकल्पांनाही चुकलेलं नाही, एप्रिल 2024 च्या वादळात मध्य प्रदेशात ओंकारेश्वरच्या धरणातल्या पाण्यावर तरंगत्या सोलरचं नुकसान झालंच की.

गारांचं म्हणाल तर पॅनलची चाचणी साधारण 25 मिमी बर्फाचा गोळा ताशी 80 किमीच्या आसपास मारून करतात. बोराएवढ्या गारेला काच पुरून उरते, लिंबाएवढी किंवा मोठी आली तर सांगता येत नाही, टेक्सासात मार्च 2024 ला गारपिटीने एका मोठ्या सोलर प्रकल्पाचे हजारो पॅनल फुटले. आणि काच शाबूत दिसली तरी आतल्या सेलला बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून गारपिटीनंतर इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये आधीच्या आणि नंतरच्या स्वच्छ उन्हाच्या दिवसांची वीज ताडून बघा. विमा घेताना गारपीट आणि वादळ त्यात आहे का हे वाचून घ्या.

आणि हे तर बसवायच्या आधीच समजून घ्या: साधं ऑनग्रिड सोलर (ग्रीडला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) लाईन गेली की स्वतःही बंद होतं, कडक ऊन असलं तरी. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलंय आणि ते बरोबरच आहे. पण मग वादळात झाड पडून तार तुटली आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं तरी तुमच्या घरात पंखा फिरत नाही आणि लोक म्हणतात सोलर फेल गेलं. घरात म्हातारी माणसं असतील, ऑक्सिजनचं मशीन वगैरे असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर (लाईन गेली तरी बॅटरीवर घर चालवणारा) आणि बॅटरीच घ्या, खर्च वाढतो पण पर्याय नाही.

पवनचक्की साधारण 3 मीटर प्रति सेकंद वाऱ्याला सुरू होते आणि 25 च्या आसपास स्वतःला थांबवते, नाहीतर पाती तुटतील. वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बनते त्यामुळे वारा निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. साताऱ्याच्या, धुळ्याच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोरात असतात, पण उष्णतेच्या लाटेत हवा पडलेली असली तर त्यांच्याकडून फार अपेक्षा नको. फेब्रुवारी 2021 ला टेक्सासात थंडीने पवनचक्क्या गोठल्या म्हणून खूप बोंब झाली, पण सगळ्यात जास्त वीज तिथे गॅसच्या प्लांटची गेली होती. कॅनडात तशाच चक्क्या थंडीचं पॅकेज, म्हणजे गोठू नये म्हणूनची खास सोय, लावून चालतात.

कोळशाच्या विजेलाही हवामान सोडत नाही. परळीचं औष्णिक केंद्र 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, आणि पावसाळ्यात ओल्या कोळशाची रड असतेच. सोलरचा खरा कमकुवत वेळ म्हणजे मेच्या रात्री, जेव्हा 11 वाजताही कूलर-एसी बंद होत नाहीत आणि पॅनल शून्यावर असतं. तिथे आज कोळसा आणि जलविद्युतच लागते, पुढे ग्रीडवर बॅटऱ्या वाढतील तसं बदलेल. तुमचं घर कुठे आहे, गच्ची मोकळी आहे की आजूबाजूला उंच इमारती आहेत आणि लाईन किती वेळा जाते हे कमेंटमध्ये लिहा, मग बॅटरी घ्यायची की नाही ते नीट सांगता येईल.