'तीव्र' म्हणजे जालीम की झटपट?

प्रश्न एका भाषांतरकार बाईंचा आहे. कापड उद्योगात लागणाऱ्या एका रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक त्या मराठीत करताहेत. जुन्या मराठी प्रतीत त्यांना ही ओळ सापडली: 'माशांसाठी तीव्र विषाक्तता, एलसी-५०, ९६ तास: १०० मि.ग्रॅ./लिटरपेक्षा जास्त'. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. 'अक्यूट'ला 'तीव्र' म्हणावं का? 'विषाक्तता' मराठी आहे का? आणि एलसी-५० ला, म्हणजे निम्मे मासे मारणाऱ्या पाण्यातल्या प्रमाणाला, काय म्हणायचं? पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, 'तीव्र, वर शंभरपेक्षा जास्त, हे वाचून मला तर ते भयंकरच वाटलं.'

वाटणारच. प्रत्यक्षात ती ओळ जवळजवळ उलट सांगतेय: हे रसायन लिटरमागे शंभर मिलिग्रॅम इतकं पाण्यात घातलं, मासे चार दिवस त्यात ठेवले, आणि निम्मेसुद्धा मेले नाहीत. जी ओळ वाचून मराठी वाचक दचकतो, ती वाचून इंग्रजी वाचक सुटकेचा सुस्कारा सोडतो. तेव्हा दोष शोधायचा तो शब्दातच.

मराठीत 'तीव्र' म्हणजे जोरकस. तीव्र उतार, तीव्र मतभेद, तीव्र निषेध. शाळेच्या रसायनशास्त्रात तीव्र आम्ल आणि सौम्य आम्ल. गाण्यात तीव्र मध्यम. यांतल्या एकातही वेळेचा हिशेब नाही. निषेध तीव्र आहे म्हटल्यावर तो चार दिवसांत संपेल असं कोणी समजत नाही. इंग्रजी 'अक्यूट' मुळात लॅटिन, अर्थ धार लावलेला, टोकदार. वैद्यकात त्याला दुसरा अर्थ चिकटला: पटकन उपटणारा आणि थोड्या दिवसांत इकडे किंवा तिकडे निकाल लावणारा आजार. विषविज्ञानाने उचलला तो हा दुसरा अर्थ. तिथे या शब्दात जोर मोजलेला नसतो, वेळ मोजलेला असतो. जोर किती ते पुढचा आकडा सांगतो.

मग 'तीव्र' आला कुठून? डॉक्टरी मराठीतून. विश्वकोशासारख्या ग्रंथांत रोगांची तीव्र आणि चिरकारी (म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारे) अशी विभागणी असते, आणि रोगाच्या बाबतीत ती खपून जाते, कारण अचानक उठलेलं दुखणं बहुधा जोराचंही असतं. पण कानाला विचारा. 'तीव्र'चा विरुद्धार्थी शब्द सांगा म्हटलं तर कोणीही 'सौम्य' म्हणेल, 'मंद' म्हणेल. 'चिरकारी' किंवा 'जुनाट' म्हणणारा मला अजून भेटायचाय. जोडीतल्या एकाने जोर सांगायचा आणि दुसऱ्याने काळ, तर ती जोडीच नव्हे. गंमत म्हणजे भूमितीत आपण हा घोळ घातलेला नाही. तिथे याच इंग्रजी शब्दाला आपण 'लघुकोन' म्हणतो. तीव्रकोन म्हणावंसं कोणालाही वाटलं नाही.

आता ती चाचणी नेमकी काय असते ते पाहू, कारण शब्द तिथून उचलायचा आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०३ क्रमांकाची पद्धत यासाठी जगभर वापरतात. १९९२ आणि २०१९ साली ती सुधारली गेली. नोकरीच्या सुरुवातीला मी एका चाचणी प्रयोगशाळेत अहवाल तयार करायचो, तेव्हा ती रोज डोळ्यांसमोर चाले. काचेच्या टाक्यांची एक रांग. पहिल्या टाकीत नुसतं पाणी, पुढच्या पाच टाक्यांत रसायनाचं प्रमाण चढत जाणारं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या फार तर २.२ पट. प्रत्येक टाकीत किमान सात मासे. आमच्याकडे झेब्रा मासे असायचे, अंगावर निळसर पट्टे असलेले, बोटाच्या पेराएवढे. हा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांचा आणि भातखाचरांचा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं, आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत त्याने घर केलंय. सोमवारी सकाळी मासे सोडले की शुक्रवारी सकाळी ९६ तास भरतात. मधल्या काळात त्यांना खायला घालत नाहीत. रोज ठरल्या वेळी किती मेले ते मोजायचं, मेलेले बाहेर काढायचे, पाण्यातला प्राणवायू आणि तापमान लिहायचं. नुसत्या पाण्याच्या टाकीतच दहा टक्क्यांहून जास्त मासे मेले तर अख्खी चाचणी बाद.

मासा मेला हे ठरवायचीही रीत आहे. कल्ले हलत नाहीत, आणि शेपटीच्या बुंध्याला काचकांडीने हळूच स्पर्श केला तरी हालचाल नाही, तर मेला. त्याआधीच्या पायऱ्या पाहणाऱ्याला जास्त बोलक्या वाटतात: मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतो, तोल जातो, कुशीवर पडून पोहतो, झिंगल्यासारखा गोल गोल फिरतो. अहवालात मी याला 'संतुलनऱ्हास' असं भारदस्त काहीतरी लिहीत असे. मासे सांभाळणारे मामा मला म्हणाले, 'साहेब, झिंगला लिहा की.' त्यांचं बरोबर होतं. गेळफळं ठेचून डोहात टाकून मासे धरण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना 'झिंगला' म्हटल्यावर समोर मासा दिसतो. 'संतुलनऱ्हास'मध्ये फक्त साहेब दिसतो.

प्रश्नातला 'शंभरपेक्षा जास्त' कुठून येतो तेही इथे कळतं. रसायन निरुपद्रवी असेल असा अंदाज असला की पाच पायऱ्या करत बसत नाहीत. १०० मिलिग्रॅमची एकच टाकी लावतात. त्यातले सगळे मासे शुक्रवारपर्यंत टिकले तर अहवालात 'शंभरपेक्षा जास्त' लिहून विषय संपतो. आकडा मोठा म्हणजे मारायला माल जास्त लागतो, म्हणजे विष कमकुवत. घातक मालाच्या जागतिक वर्गीकरणात माशांसाठीचा हा आकडा १ किंवा त्याहून कमी असेल तर पहिला, सर्वांत वाईट वर्ग. १० पर्यंत दुसरा, १०० पर्यंत तिसरा. त्यापुढे या सदरात वर्गच नाही.

जोर आणि वेग किती वेगळे असू शकतात याचं आपल्याकडचं उदाहरण मोहाच्या पेंडीचं, विदर्भात म्हणतात तसं मोहाच्या ढेपेचं. मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे काढून टाकायला ती पसरतात, लिटरमागे साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम बसेल इतकी. तिच्यातलं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर आणि रक्तपेशींवर काम करतं आणि काही तासांत तळं साफ होतं. पुढे दोनतीन आठवड्यांत विष ओसरतं आणि तीच ढेप खत म्हणून कामी येते. याउलट सायपरमेथ्रिनसारख्या कीटकनाशकाला लिटरमागे काही मायक्रोग्रॅम पुरतात. दोन्ही विषांचा निकाल चार दिवसांच्या आत. दोन्ही इंग्रजीत 'अक्यूट'. पण एकाची पोती रिकामी करावी लागतात आणि दुसऱ्याचे थेंब पुरतात. या दोघांनाही 'तीव्र' म्हटलं तर मराठी वाचकाच्या हाती काय लागलं? दुसऱ्याला आपण 'जालीम' म्हणतो, 'जहाल' म्हणतो. पहिल्याला म्हणत नाही.

हा फरक आपल्या परंपरेला माहीत नव्हता असंही नाही. आयुर्वेदात विषाचे दहा गुण सांगितलेत. चरकाची आणि सुश्रुताची यादी जराशी वेगळी आहे, पण दोघांच्याही यादीत 'तीक्ष्ण' आणि 'आशु' हे दोन गुण स्वतंत्र आहेत. धार वेगळी, वेग वेगळा. शिवाय अंगात दबा धरून बसणाऱ्या, लगेच न मारता काळाने त्रास देणाऱ्या विषाला 'दूषीविष' असं खास नाव आहे. जपानमधल्या मिनामाताच्या उपसागरातले मासे खाऊन लोकांना जडलेली पाऱ्याची बाधा (१९५६ साली ती पहिल्यांदा अधिकृतपणे नोंदली गेली) मला या शब्दात जितकी नेमकी सापडते तितकी 'चिरकारी विषाक्तता'त सापडत नाही.

मग 'आशुविष' म्हणावं का? मलाही तो मोह झाला होता. आशुतोष म्हणजे लवकर प्रसन्न होणारा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. परिभाषाकोशात हा शब्द शोभेल. पण पिंपावरच्या कागदावर 'आशुविषालुता' वाचून गोदामातला माणूस देवाचं काहीतरी आहे म्हणून हात जोडेल.

'अल्पकालीन विषारीपणा' हा दुसरा पर्याय, बरेच जण सुचवतात. त्यात एक खोच आहे. अल्पकालीन कर्ज म्हणजे लवकर फिटणारं कर्ज. तसंच अल्पकालीन विषारीपणा म्हणजे लवकर ओसरणारा विषारीपणा, असा अर्थ सरळ निघतो, आणि मेलेल्या माशाच्या दृष्टीने हा विनोद बरा नव्हे. अल्पकाळ आहे तो संपर्काचा. म्हणून मी लिहीन: 'अल्पकालीन संपर्कातला विषारीपणा'. लांब आहे, कबूल. पण अर्थाची शिवण कुठे उसवत नाही, आणि दुसऱ्या बाजूला 'दीर्घकालीन संपर्कातला विषारीपणा' म्हटलं की जोडी जुळते.

'विषाक्तता' माझ्या मते हिंदी पत्रकांच्या बोटाला धरून आली. हिंदीत ती रुळलेली आहे, तिथे तक्रार नाही. पण शब्द फोडून पाहा: विष अधिक अक्त, म्हणजे विष माखलेलं. बाण विषाक्त असतो. सांडपाणी मिसळल्यावर नदीचं पाणी विषाक्त झालं म्हणता येईल. ज्या रसायनामुळे ते झालं, ते स्वतः विषारी. त्याच्या गुणाला 'विषारीपणा' पुरे. 'विषालुता' हा परिभाषेतला शब्दही चूक नाही, दयाळू-निद्राळूच्या घराण्यातला आहे. पण बाहेर फारसा फिरलेला नाही.

राहता राहिलं एलसी-५०. हा संकेत देवनागरीत तसाच ठेवावा, कारण त्याच नावाने तो शोधला जातो. शेजारी एकदा उलगडून द्यावा. उलगडताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, 'मात्रा' म्हणू नका. मात्रा पाजतात, टोचतात. उंदराला मात्रा देतात, म्हणून त्याच्या आकड्यात मात्रा असते. माशाला कोणी काही पाजत नाही, तो त्या पाण्यात राहतो. त्याच्या पोटात आणि कल्ल्यांतून किती गेलं ते आपल्याला माहीत नसतं, पाण्यात किती होतं तेवढं माहीत असतं. म्हणून 'संहती', किंवा साध्या वाचकासाठी 'पाण्यातलं प्रमाण'. दुसरं, 'मध्य मारक संहती' असं मी एकदोन ठिकाणी पाहिलंय. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'मध्य' म्हणजे सरासरी. इथे हवा तो 'मध्यक', म्हणजे बरोबर निम्म्यावर येणारा आकडा. तिसरं, अर्धायुकालाच्या चालीवर 'अर्धमारक' करावंसं वाटतं. ऐकायला झकास, पण मराठीत अर्धमेला म्हणजे निम्मा जीव गेलेला. चाचणीला निम्मे मासे पुरते मेलेले हवेत, सगळे मासे अर्धमेले नकोत.

'घातक' आणि 'मारक' यांत मी 'मारक' घेईन, थोड्या नाइलाजाने. 'शेतीला मारक धोरण' अशा वापराने त्याची धार बोथट झाली आहे, पण 'आरोग्यास घातक'इतकी नाही.

हे सगळं मला सुरुवातीपासून कळत होतं असं समजू नका. एका कारखान्यासाठी केलेल्या पत्रकात मीच शीर्षक दिलं होतं, 'तीव्र विषाक्तता', आणि खाली 'वर्गीकरण लागू नाही'. पत्रक भिंतीवर लागलं. पाळीवरच्या मुकादमाने वरचा अर्धा भाग वाचला, खालचा त्याला कळला नाही (त्यात त्याचा दोष नव्हता), आणि त्याने मालाला हात लावायचं नाकारलं. मला बोलावून घेऊन त्याने विचारलं, 'तीव्र आहे तर हातमोजे का दिले नाहीत? आणि लागू नाही, तर लिहिलंत कशाला?' दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी शीर्षकावर कागदाची पट्टी चिकटवली.

तुमची ओळ मी अशी लिहीन: 'मासे, अल्पकालीन संपर्कातला विषारीपणा: ९६ तासांत निम्मे मासे मरण्यासाठी पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रमाण लागतं (एलसी-५०).' जागा कमी पडत असेल तर 'अल्पकालीन संपर्कातला' हे खुशाल गाळा. ९६ तास तेच सांगतात. 'निम्मे मासे मरण्यासाठी' मात्र गाळू नका.