अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचे फ्यूज असताना बॅटरीजवळ आणखी एक कशाला?

तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर २५ अँपिअरचे दोन फ्यूज आहेत, तो डिकीत बसवायचाय आणि बॅटरीजवळ वेगळा फ्यूज खरंच लागतो का, लागला तर कितीचा, असं तुम्ही विचारलंय.

लागतोच. अ‍ॅम्प्लिफायरवरचे फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरपुरते. बॅटरीपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटर वायर जाते, तिला वाली कोण? वाटेत ती कुठे सोलून बॉडीला टेकली, तर करंट अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचतच नाही. बॅटरी तिथेच शेकडो अँपिअर ओतते आणि कार्पेटखाली वायर पेटते. म्हणजे बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी असतो. तो पॉझिटिव्ह टर्मिनलपासून ४५ सेंमीच्या आत हवा, कारण फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधला तुकडा तसाच बेवारस राहतो.

माझंच सांगतो. पहिल्या गाडीत मी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) भोकातून वायर तशीच ओढली, भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडं) न लावता. दोन महिने गाणी झकास वाजली. मग एके दिवशी फ्यूज उडाला. नवा घातला, तोही लगेच उडाला. तिसऱ्या वेळी मोठा घालावा असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू! नशिबाने आधी वायर ओढून पाहिली, तर पत्र्याच्या धारेने इन्शुलेशन आतल्या तांब्यापर्यंत कापलेलं.

आता आकडा. २५ चे दोन म्हणजे ५० अँपिअर. त्यापेक्षा लहान फ्यूज मोठ्या आवाजात उगाच उडेल. वायरला झेपेल त्यापेक्षा मोठा असेल, तर तो असून नसल्यासारखा. तुम्ही ४ गेजची शुद्ध तांब्याची वायर घ्या (साधारण २१ चौरस मिमी; गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड) आणि ६० चा फ्यूज लावा. ८ गेज स्वस्त पडते, पण ५० अँपिअरला पाच मीटरमध्ये जवळजवळ अर्धा व्होल्ट खाते. ४ गेजमध्ये तेच ०.२ व्होल्टवर येतं. तयार किटमधली वायर ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. रोध जवळपास दीडपट. जाडजूड इन्शुलेशन बघून भुलू नका.

खोक्यावरच्या ‘१५०० वॅट’कडेही लक्ष देऊ नका. ५० अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ६९० वॅट, आणि अ‍ॅम्प्लिफायर क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा प्रकार) असला तरी त्यातले पाऊणएक स्पीकरला मिळतात. म्हणजे पाचशेच्या आसपास.

अर्थची वायरही तेवढीच जाड, पण शक्य तितकी आखूड. बॉडीचा रंग घासून चकचकीत पत्रा दिसू द्या, मगच थिंबल (वायरच्या टोकाची धातूची रिंग) घट्ट आवळा. सीटबेल्टचा बोल्ट मात्र वापरू नका. आरसीए केबल (स्टीरिओतून आवाजाचा सिग्नल आणणारी) पॉवरच्या वायरपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. रिमोटची बारीक वायर (अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करणारी) स्टीरिओच्या रिमोट आउटपुटला जोडा. थेट बॅटरीला जोडलीत, तर अ‍ॅम्प्लिफायर बंदच होणार नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल.

काम सुरू करताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. सगळं जोडून झालं की निगेटिव्ह परत लावा आणि फ्यूज अगदी शेवटी. तो बसवताना बारीक ठिणगी दिसली तर दचकू नका, अ‍ॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर चार्ज होतात त्याची ती असते.