विमा नसल्याबद्दल भरायचं ते काय: दंड, कर की शास्ती?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी त्या अमेरिकेतल्या आरोग्यविम्यावर लेख लिहीत आहेत. त्यात विमा घेतलाच पाहिजे या सरकारी ‘मँडेट’साठी त्यांनी ‘जनादेश’ हा शब्द घेतला आणि विमा नसेल तर भराव्या लागणाऱ्या रकमेला ‘दंड’ म्हटलं. त्यांच्या यजमानांचं म्हणणं, दंड नव्हे, तो कर आहे, सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलंय. बरोबर कोण?

ताई, ‘जनादेश’ आधी काढून टाका. मतदार निवडणुकीत जो कौल देतात तो जनादेश. तिथे जनता सांगते आणि सरकार ऐकतं. विम्याच्या बाबतीत सरकार सांगतं आणि जनतेने ऐकायचं असतं, म्हणजे दिशाच उलटी. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालतो, आपल्याकडे दोन वेगळे आहेत आणि ते वेगळेच राहावेत. हेल्मेटसक्ती आपण म्हणतोच, त्याच चालीवर ‘विमासक्ती’ म्हणा. काहींना ‘सक्ती’ फार कडक वाटते, म्हणून ते ‘अनिवार्यता’ लिहितात. मला ते पटत नाही. मुलांच्या शिक्षणाच्या २००९च्या कायद्याच्या मराठी नावातच ‘मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क’ असं आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. सक्ती लोकांच्या भल्यासाठीही असू शकते, हे मराठी माणसाला शब्दकोशातून शिकावं लागत नाही.

आता दंड की कर. अशा वेळी मी नामापेक्षा त्याचं क्रियापद पाहतो. दंड ठोठावतात, दंड बसतो, दंड होतो. कर आकारतात, कर लागू होतो. सिग्नल तोडला तर दंड, आणि घर आहे म्हणून घरपट्टी. घरपट्टी ‘ठोठावली’ असं कोणी म्हणत नाही, कारण घर असणं हा गुन्हा नाही. पैसे मात्र दोन्हींत ‘भरतात’, आणि सगळा घोटाळा या एका क्रियापदाने होतो.

गंमत नव्हे, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे नेमका हाच घोटाळा उभा होता. ओबामांच्या काळातला आरोग्यविम्याचा कायदा मार्च २०१० मध्ये झाला आणि विमासक्ती २०१४ पासून लागू झाली. विमा नसणाऱ्याने आयकर विवरणपत्रासोबत रक्कम भरायची होती. २०१६ साली ती प्रौढ माणसामागे ६९५ डॉलर किंवा करपात्र मर्यादेवरच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के, यांपैकी जास्त असेल ती, अशी होती. कायद्याच्या मजकुरात तिला शब्द होता दंडाचा. २८ जून २०१२ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल आला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलं की व्यापाराचं नियमन करण्याच्या अधिकारात संसद कोणाला विमा विकत घ्यायला लावू शकत नाही, पण विमा नसणाऱ्यावर कर बसवू शकते. त्यांची कारणं आपल्या क्रियापदाच्या कसोटीला जवळची आहेत. विमा न घेणाऱ्याला कायदा गुन्हेगार ठरवत नाही. रक्कम बहुतेकांच्या बाबतीत विम्याच्या हप्त्यापेक्षा बरीच कमी आहे. वसूल करणार करखातं, आणि तेही फौजदारी खटला न भरता. म्हणजे ‘ठोठावणं’ कुठे नाही, ‘आकारणं’ आहे.

आणि त्याच निकालात आणखी एक मुद्दा आहे, जो शब्दांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने थांबून वाचावा. अमेरिकेत एक जुना कायदा आहे, की कर भरण्याआधी त्याविरुद्ध कोर्टात जाता येत नाही. मग हा कर असेल तर खटलाच वेळेआधीचा ठरत होता. तिथे कोर्ट म्हणालं, या जुन्या कायद्यापुरता हा कर नाही, कारण संसदेने स्वतः त्याला दंड म्हटलंय. पुढे घटनेचा प्रश्न आला तेव्हा म्हणालं, नाव काही असो, काम कराचं आहे, म्हणून कर. एका प्रश्नात नाव मोजलं, दुसऱ्यात काम. विरोधी मत देणाऱ्या चार न्यायमूर्तींना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते संसदेने लिहिला तो दंड, आणि दंडाचा कर करणं हे कोर्टाचं काम नव्हे.

तेव्हा तुम्ही आणि यजमान दोघेही बरोबर आहात, फक्त बोलणारा वेगळा आहे. कायदा बोलतो तेव्हा एक शब्द, निकाल बोलतो तेव्हा दुसरा. मात्र कायद्याच्या तोंडी मी ‘दंड’ ऐवजी ‘शास्ती’ घालीन. आपल्या कायद्यांच्या मराठीत ही फरकाची रेघ आधीपासून आहे: गुन्ह्याच्या शिक्षेतला तो दंड, आणि कर किंवा विवरणपत्र वेळेत न भरल्याची ती शास्ती. या वापरात फौजदारीचा वास तिला नाही.

इथे एक सावधगिरी. पिंपरी-चिंचवडकरांना ‘शास्तीकर’ आठवेल. अनधिकृत बांधकामांना मिळकतकराच्या दुपटीपर्यंत लागणारा, वर्षानुवर्षं निवडणुकांत गाजलेला आणि अखेर २०२३ मध्ये माफ झालेला. शास्ती आणि कर एका शब्दात, म्हणून तो इथे वापरण्याचा मोह होईल. वापरू नका. शास्तीकराच्या मुळाशी बेकायदा बांधकाम होतं, आणि रॉबर्ट्स यांच्या निकालाचा कणाच हा की विमा नसणं बेकायदा नाही.

पेशवाईतल्या न्यायाच्या कागदांत याहून जुनं उदाहरण सापडतं. दावा जिंकणारा सरकारात ‘हरकी’ भरायचा आणि हरणारा ‘गुन्हेगारी’. ‘गुन्हेगारी’ म्हणजे तिथे चक्क रक्कम! जमिनीच्या वादात हरलेला माणूसही ती भरे. नाव गुन्ह्याचं, वसुली महसुलाची. हा पेच आपल्या दप्तरांतही होता.

पुन्हा अमेरिकेकडे. तिथल्या २०१७च्या करकायद्याने विमा नसल्याबद्दलची रक्कम २०१९ पासून शून्य केली. केंद्राच्या कायद्यात सक्तीचं कलम राहिलं, शास्ती गेली. २०२१ मध्ये प्रकरण पुन्हा सुप्रीम कोर्टात गेलं, तर भरायचंच काही नाही तेव्हा तुमचं नुकसान काय, असं विचारून दावा फेटाळला. तुमच्या न्यू जर्सीने मात्र २०१९ पासून स्वतःची विमासक्ती आणली आणि शास्ती राज्याच्या विवरणपत्रासोबत ठेवली, हे लेखात स्पष्ट यायला हवं, नाहीतर तिथला वाचक ‘आता काही नाही’ समजून बसेल.

याच विषयातले आणखी दोन शब्द. ‘पब्लिक ऑप्शन’ला ‘सार्वजनिक पर्याय’ लिहू नका. सार्वजनिक म्हटलं की आपल्याला वर्गणी आणि मंडप दिसतो. ती कल्पना होती सरकारी विमा योजनेची, हप्ता भरून घ्यायची, खासगी विम्याच्या शेजारी उभी. म्हणून ‘सरकारी विम्याचा पर्याय’. ‘सिंगल पेयर’ला कोणी ‘एकच दाता’ म्हणतात. दाता दान देतो, इथे पैसा करदात्यांचाच असतो. ‘सगळ्यांची बिलं एकट्या सरकारने भरण्याची पद्धत’ हे लांब आहे, पण खरं आहे.

लेखातलं तुमचं वाक्य मी असं करीन: ‘२०१०च्या कायद्याने विमासक्ती आणली आणि विमा नसणाऱ्यांवर शास्ती ठेवली, २०१२ मध्ये कोर्टाने ती शास्ती घटनेच्या दृष्टीने कर मानली.’