होस्ट फॅमिली पैसे घेत नाही, मग ९ लाख ८० हजार कशाचे?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा दहावीत गेली. एका एजन्सीने तिची मुलाखत घेऊन 'सिलेक्शन' झाल्याचं कळवलंय. पुढच्या ऑगस्टपासून दहा महिने अमेरिकेत सरकारी शाळेत शिकायचं आणि तिथल्याच एका कुटुंबात राहायचं. खर्च ९ लाख ८० हजार, 'सगळं धरून'. जागा पक्की करायला या महिनाअखेरपर्यंत ५० हजार भरायचे, ते परत मिळणार नाहीत. मिस्टर बुटीबोरीला कारखान्यात आहेत, हातात ७८ हजार येतात. ताईंच्या शिकवण्यांचे १६ हजार. गृहकर्जाचा हप्ता २३,५००, घरखर्च ४६ हजार, एसआयपी ८ हजार, सुकन्यात ५ हजार. एफडी ७ लाखांची, म्युच्युअल फंडात ४ लाख ६० हजार. धाकटा सहावीत. प्रश्न असा, की एफडी मोडू, सुकन्यातून काढू, की सोनं ठेवू? भाऊ ३ लाख हातउसने द्यायला तयार आहे. मिस्टर म्हणतात, पोरीचं वर्ष वाया जाईल.

ताई, पैसे कुठून काढायचे ते मागाहून. ते कशाचे मागताहेत ते आधी बघू.

एजन्सीच्या कागदावर जे-वन, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमाचा व्हिसा लिहिलाय, असं तुम्ही कळवलंत. जे-वनवर शाळेत येणाऱ्या मुलांना घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचे पैसे देता येत नाहीत, हा अमेरिकी सरकारचाच नियम आहे. ते हौसेने मूल ठेवून घेतात. पलंग त्यांचा, जेवण त्यांचं. सरकारी शाळाही या मुलांकडून सहसा फी घेत नाही. म्हणजे राहणं, खाणं आणि शिकणं हे तिन्ही मोठे खर्च बाजूला पडले. उरलं विमानाचं तिकीट, विमा, तिकडे घर-शाळा जुळवून देणाऱ्या संस्थेची फी आणि एजन्सीचं कमिशन. तिकडच्या संस्थेला कामं असतात, हे कबूल. होस्टच्या घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्ह्यांची नोंद तपासायची. घरापासून १२० मैलांच्या आत आपला माणूस ठेवायचा, आणि त्याने दर महिन्याला मुलीशी न् त्या कुटुंबाशी बोलायचं. त्याला पैसे लागतातच. पण किती, हे तुम्हाला कागदावर दिसलं पाहिजे. 'मॅडम, पॅकेज आहे' हे उत्तर चालायचं नाही. आपल्याकडे लग्नाचा केटरर ताटामागे हिशेब देतो, तर हे काहून देणार नाहीत?

कागदावर जे-वनऐवजी एफ-वन, म्हणजे साधा विद्यार्थी व्हिसा निघाला, तर सगळा हिशेब फिरतो. तिथे राहण्याचे पैसे मोजावे लागतात, आणि सरकारी शाळेला पूर्ण फी घ्यावीच लागते. तेव्हा कागद पुन्हा एकदा वाचा.

आता 'सगळं धरून' मध्ये काय काय धरलेलं नाही ते. व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर आणि सेव्हिसचे, म्हणजे तिकडच्या सरकारी नोंदणीचे २२० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर हेच साधारण ३६ हजार. मुलाखतीला दुरोंतोने मुंबई गाठायची, दोघांचं येणं-जाणं, राहणं मिळून १४ हजार. थंडीचे कपडे, बूट, बॅगा ५० हजार; नागपूरच्या डिसेंबरातलं स्वेटर तिथे कामाचं नाही. हातखर्च महिन्याला २०० डॉलर, म्हणजे दहा महिन्यांचे १ लाख ८० हजार. आणि मध्येच परत यायची वेळ आली तर तिकिटासह १ लाख वेगळे ठेवायचे. बेरीज १३ लाख ६० हजार. (शिक्षणासाठी परदेशी पाठवलेल्या पैशावर एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ कापते तो कर, नाही. त्यावर कापला गेला तरी तो रिटर्नमध्ये वळता होतो, त्याची धास्ती नको.)

हातखर्चावर थोडं थांबतो, कारण आईबाप नेमके इथेच चुकतात. माझ्या एका क्लायंटची मुलगी अशीच गेली होती. पहिल्या महिन्यातच आईला मेसेज, ३०० डॉलर संपले. बाप चिडला, पोट्टी मॉलमध्ये उडवतेय म्हणून. चौकशी केली तर पैसे सगळे चिप्स, नूडल्स आणि केळ्यांवर गेलेले. होस्ट आईने पहिल्याच दिवशी फ्रिज उघडून दाखवला होता, म्हणाली होती, भूक लागली की घे. ही आपल्या वळणाची. संध्याकाळी त्यांनी विचारलं, आणखी हवंय का? ही म्हणाली, नको. आपल्याकडे पहिलं 'नको' कोणी मनावर घेतं का? दुसऱ्यांदा आग्रह होतो, तिसऱ्यांदा ताटात पडतंच. तिथे भांडं उचलून फ्रिजमध्ये गेलं. महिनाभर ही अर्धपोटी उठायची आणि शाळेतून येताना दुकानात शिरायची. शेवटी संस्थेच्या बाईंनी महिन्याच्या फोनवर विचारलं तेव्हा उलगडा झाला, आणि पुढच्या महिन्यापासून खर्च ८० डॉलरवर आला. तेव्हा जाण्याआधी मुलीला इंग्रजी बोलायच्या क्लासला घालण्यापेक्षा 'हो, मला भूक लागली आहे' एवढं न लाजता म्हणायला शिकवा. त्याची फी नाही.

आता पैसे कुठून. तुमच्या घराला हप्ता धरून महिन्याला ६९,५०० लागतात. सहा महिन्यांचे झाले सुमारे ४ लाख २० हजार. कारखान्याची नोकरी, पदरी दोन मुलं, तेव्हा एफडीतली एवढी रक्कम अडीअडचणीची, तिला हात नाही. उरले २ लाख ८० हजार. महिन्याकाठी तुमच्याकडे ११,५०० शिल्लक राहतात; निघेपर्यंत १५ महिने आहेत, त्यांचे १ लाख ७२ हजार. म्हणजे साडेचार लाख. या वर्षासाठी तुमच्या घराची ऐपत एवढीच आहे.

सुकन्याचं म्हणाल तर मुलगी दहावी पास झाली की आदल्या आर्थिक वर्षाच्या अखेरच्या शिलकीपैकी ५० टक्क्यांपर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते, प्रवेशाचा आणि फीचा पुरावा देऊन. मी काढू देणार नाही. ८.२ टक्के, तेही करमुक्त, आणि बारावीनंतर खरी फी भरायची वेळ येईल तेव्हा हाताशी असणारा हा तुमच्याकडचा सगळ्यात स्वस्त पैसा. म्युच्युअल फंडाचंही तेच. एजन्सी 'एज्युकेशन लोन करून देऊ' म्हणाली असेल, तर नीट ऐका: आयकरातली व्याजावरची सूट बारावीनंतरच्या शिक्षणाच्या कर्जालाच आहे. हे निघेल पर्सनल लोन, नाव फक्त शिक्षणाचं. सोनं ठेवणं हेही कर्जच. आणि भावाचे ३ लाख हातउसने असले तरी उसनेच. राखीपौर्णिमेला त्याच्यासमोर बसताना ते आठवतील, म्हणून तेही नकोत.

मिस्टरांच्या शंकेबाबत मी त्यांच्या बाजूने नाही. दहावीनंतर, अकरावीच्या आधी गेली तर नुकसान फार थोडं आहे. परत येऊन अकरावी-बारावी इथेच करायची. राज्याच्या ८५ टक्के मेडिकलच्या कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, त्या दोन्ही इथेच राहतात. जेईईच्या संधी बारावीच्या वर्षापासून मोजतात, त्यामुळे त्याही शाबूत. अकरावीचा फॉर्म ऑनलाइन, ती तिकडे असली तरी तुम्ही घरून भराल. उलट अकरावी झाल्यावर मध्येच पाठवू नका, आणि बारावीनंतर तर शाळेच्या जे-वनचं दार बहुतेक बंदच होतं, कारण ११ वर्षांपेक्षा जास्त शालेय शिक्षण झालेलं सहसा चालत नाही. एक खबरदारी मात्र घ्या: कोचिंगवाल्यांना दोन वर्षांची फी आत्ता आगाऊ भरू नका. 'अमेरिकेच्या कॉलेजचा रस्ता मोकळा होईल' असं एजन्सी सांगत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. एका शालेय वर्षाचा हा व्हिसा, संपला की घरी.

मग साडेचार लाखांत काय होतं? रोटरीचा युथ एक्स्चेंज १५ ते १९ वयाच्या मुलांसाठी आहे, आईबाप रोटेरियन असायलाच हवेत असं नाही. तिथला रोटरी क्लब दरमहा थोडा हातखर्च देतो. तिकीट, विमा, व्हिसा, कपडे आणि राखीव रक्कम धरून माझा अंदाज साडेतीन ते चार लाखांचा. देश हवा तोच मिळेल असं नाही. अमेरिका मागितली आणि ब्राझील किंवा तैवान हाती आलं, तर मुलगी हसत जाईल का, हे आधी तिला विचारा. एएफएसकडेही स्कॉलरशिपबद्दल विचारा. ही संस्था १९४७ पासून शाळकरी मुलांची अशी देवाणघेवाण करते.

रोटरीत बहुतेक ठिकाणी आपलं मूल जातं तेव्हा आपल्याही घरी एक मूल ठेवून घ्यायचं असतं. त्याचा खर्च कोणी सांगत नाही, मी सांगतो. २०१९ च्या फेब्रुवारी ते मे आमच्याकडे एक जर्मन मुलगा होता, आमचं त्याचं तिसरं घर. बायको म्हणाली, पाहुण्याचा काय हिशेब मांडता! पण धंदाच असा, मी वही ठेवली. रोज एक लिटर दूध जास्तीचं, डझनभर केळी दोन दिवसांत साफ. पोळ्या चार, पण त्यावर तूप आपल्या दुप्पट. पोट भरलं की तो सरळ 'नको' म्हणायचा आणि बायको वाढत राहायची; पंधरा दिवस तो बिचारा सगळं संपवत राहिला. एप्रिलमध्ये पारा चव्वेचाळीसवर गेला आणि रात्रीचा एसी सुरू झाला, बिल तिथेच वाढलं. संध्याकाळी कूलरमध्ये पाइपने पाणी भरायचं आणि वाळ्याच्या ताट्या भिजवायच्या, हे काम त्याने मागून घेतलं. चार महिन्यांचे जास्तीचे ३८,६०० रुपये झाले. आजच्या भावाने ६० हजार धरा. रोटरीच्या अंदाजात हे मिळवलं, तरी बेरीज फार तर ४ लाख ६० हजार, म्हणजे ऐपतीच्या जवळपासच. आठ-दहा हजारांची ओढाताण शिकवण्यांतून निघेल.

तर महिनाअखेरचे ५० हजार भरू नका. एजन्सीला ईमेल करा आणि तीनच गोष्टी लेखी मागा: ९ लाख ८० हजारांची फोड, व्हिसा नाकारला तर परत किती मिळणार, आणि होस्ट कुटुंबाशी पटलं नाही तर नवीन घर शोधण्याचा खर्च कोणाचा. नियमाने निघण्याआधी होस्ट कुटुंब ठरलेलं असावं लागतं, तेही त्यांच्याकडून लिहून घ्या. फोड पाहून रक्कम साडेचार लाखांच्या आसपास उतरली तर मला पुन्हा लिहा. उतरेल असं मला वाटत नाही. धरमपेठ-रामदासपेठेकडच्या एखाद्या रोटरी क्लबमध्ये याच महिन्यात जाऊन या, कारण पुढच्या ऑगस्टला जाणाऱ्या मुलांचे अर्ज आदल्या वर्षीच घेतात.

एफडी जूनमध्ये संपतेय असं तुम्ही लिहिलंत. ती आपोआप रिन्यू होऊ देऊ नका. बँकेत जाऊन दोन करा: ४ लाख २० हजारांची एक, दोघांच्या नावाने, आणि २ लाख ८० हजारांची दुसरी, पुढच्या जुलैत संपणारी. महिन्याचे ११,५०० पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आरडीत वळवा. मुलीचं जाणं रद्द झालं तर ही दुसरी एफडी आणि आरडी अकरावीच्या कोचिंगला उपयोगी पडेल.