गालाच्या कॅन्सरमध्ये प्रोटीन मार्करवरून आजार परत येईल का ते कळतं का?

तुम्ही विचारलंय की नागपुरात बाबांचं गालाचं ऑपरेशन झालं, आता पी५३, केआय-६७, ईजीएफआर वगैरे मार्कर (काढलेल्या गाठीत तपासायची प्रोटीन्स) करून पुढचा अंदाज घ्यावा का. माझं मत: डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं नसेल तर त्यावर पैसे घालू नका.

या प्रोटीन्सवर अभ्यास ढिगाने आहेत, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून तोंडाच्या कॅन्सरमध्ये उपचार ठरवायला ती रोज वापरली जात नाहीत. पी१६ या आणखी एका मार्करचंही तेच. तो घशातल्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये कामाचा. आपल्याकडच्या खर्र्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) होणाऱ्या गालाच्या कॅन्सरमध्ये त्यावरून फारसं काही ठरत नाही. पीडी-एल१ हा मार्कर मात्र खरंच उपयोगाचा, पण इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचा) विचार असला तर, मुख्यतः आजार उलटला किंवा पसरला तेव्हा.

त्यापेक्षा हातातला हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा) नीट वाचा. गाठ किती मिलिमीटर खोल गेली (५ आणि १० हे टप्पे, २०१७ च्या स्टेजिंगपासून, म्हणजे आजाराची पायरी ठरवायच्या नियमांपासून धरतात), काढलेल्या भागाच्या कडा आजारापासून मोकळ्या आहेत का, मानेतल्या किती लसिका ग्रंथींत आजार आहे आणि तो ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आलाय का. शेवटचं ‘हो’ असेल किंवा कडेला आजार उरला असेल, तर रेडिएशनसोबत केमोही सहसा सुचवतात, तब्येत झेपणारी असेल तर. खोली लिहिलेलीच नसेल तर लॅबला विचारा, स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) त्यांच्याकडे असतात.

आणि बाबांचा खर्रा सुटलाय ना?