चार मैत्रिणींनी आळीपाळीने एकमेकींच्या घरचा रात्रीचा स्वयंपाक करायचा ठरवलं तर ते टिकतं का?

टिकतं, पण भाजी वाटा, भाकरी वाटू नका. तुम्ही लिहिलंय की चौघी जळगावात नोकरी करता, घरं जवळजवळ आहेत आणि सोमवार ते गुरुवार एकेकीने चारही घरचं करायचा विचार आहे. आमचा भुसावळला असाच चार घरांचा गट आहे. सगळ्यात आधी आम्ही हेच ठरवलं.

सोळा माणसं म्हणजे तीसेक भाकरी. कामावरून येऊन तेवढ्या थापायच्या म्हटल्यावर कुणाचाही हुरूप टिकणार नाही. शिवाय कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी तव्यावरून थेट ताटात आली तरच खरी. डब्यात तिला घाम सुटतो आणि ती वातड होते. वरण किंवा भाजी मात्र चौघांची करा की सोळांची, मेहनत चौपट होत नाही. म्हणून भाकरी-पोळी, भात ज्याच्या त्याच्या घरी.

आता करायचं काय? जे हात बसलेलं आहे तेच, जास्त प्रमाणात. हिवाळ्यात भरीत. भालोद-बामणोदकडची हिरवट-पांढरी मोठी वांगी मिळाली तर बघायलाच नको, बिया कमी आणि गर भरपूर. (या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय, आणि ते त्याला शोभतं.) सोळा जणांना चार किलो वांगी पुरतात. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी काड्यांवर भाजावीत, चवीत फार फरक पडतो. आमच्यातल्या एका घरची पाळी भाऊ सांभाळतात, त्यांची शेवभाजी सगळ्यांना हवी असते. तिचा रस्सा एका डब्यात आणि तिखट शेव कोरडी, वेगळ्या पुडीत. शेव ताटात वाढताना टाकायची, आधी टाकली की लगदा. त्या दिवशी लहान मुलांसाठी साधं वरण सोबत द्यायचं.

उन्हाळ्यात जपा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. शिजवलेलं अन्न एरवी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, ३२ अंशांच्या वर तर एकच तास. त्यामुळे गॅसवरून उतरवलं की लगेच पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये. त्या दिवसांत आम्ही फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, करतो. ते कोरडे, न्यायला सोपे. कढी ज्याने त्याने घरी फोडणीला टाकायची.

कोण काय खात नाही ते पहिल्याच दिवशी विचारा. चातुर्मासात काही घरी कांदा, लसूण, वांगं बंद असतं, ते थेट चंपाषष्ठीला सुटतं. मांसाहाराची भांडी वेगळी लागतात का, हेही स्पष्ट बोला, यात संकोच नको. डबे स्टीलचे, नाव घातलेले, प्रत्येक घराचे दोन जोड: एक भरून येतो तेव्हा दुसरा धुऊन पुढच्या पाळीवालीकडे गेलेला असतो.

पैशांचा हिशेब आम्ही ठेवत नाही. एखाद्या घरी माणसं जास्त असतील तर त्यांनी महिन्याला थोडी तूरडाळ किंवा तेल द्यावं, एवढं पुरे.

आणि एक आधीच ठरवून टाका: साधी मुगाची खिचडी पाठवली तरी पाळी झाली. नाहीतर एकीने दोन भाज्या केल्या की दुसरी तीन करते, आणि मग जिला खरंच वेळ नाही तीच आधी गटातून बाहेर पडते.